दुरून दिसणारी आगगाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुलुंडला राहते. गेली तेरा वर्षं डोंगरावरून, खाडीकाठावरून, क्वचित कुणाच्या गच्चीवरून लांबच्या आगगाड्या बघते आहे. सोसायटीतले, ट्रेकला भेटलेले, मुलाच्या शाळेतले पालक असे बरेच जण त्याबद्दल विचारतात, आणि प्रश्न साधारण तेच असतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

रोज लोकलने जातो-येतो. मग लांबून गाडी बघण्यात विशेष ते काय?

मुंबईच्या माणसाला गाडी कधी अख्खी दिसतच नाही. फलाटावर उभं राहिलं की डबा दिसतो, दार दिसतं, दारातली गर्दी दिसते. बारा डब्यांची लोकल सुमारे २५० मीटर लांब असते. ती फलाटावरून एका नजरेत मावत नाही.

पहिल्यांदा मला अख्खी लोकल दिसली ती माथेरानच्या गार्बट पॉइंटवरून. नोव्हेंबर होता, दुपारचे चार वाजले असतील. खाली भाताची कापणी झालेली, खाचरं पिवळी पडलेली, आणि त्यांच्यामधून नेरळकडून भिवपुरीकडे एक पांढुरकी रेघ सरकत होती. तिला पुढचं टोक होतं, मागचं टोक होतं, आणि दोन्ही बाजूंना मोकळी जमीन होती. त्याच सकाळी नेरळला येताना अशाच एका गाडीत मला हँडलला हात पुरत नव्हता. इतकी माणसं, इतके डबे, इतका गोंगाट, आणि वरून बघताना आवाजसुद्धा नाही. मी बराच वेळ तिथून हलले नाही. तेव्हापासून हे सुरू आहे.

पण मला तर काहीच दिसत नाही. तुम्हाला कशी दिसते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर सांगते.

नवा माणूस डोंगरावर उभा राहतो आणि गाडी शोधतो. दहा-पंधरा किलोमीटरच्या मुलखात एवढीशी हलणारी रेघ शोधायची म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखं आहे. गाडी शोधूच नका. आधी रूळ शोधा. गाडी कुठेही भटकत नाही, ती रुळावरच येणार आहे.

हे मला गार्बटला भेटलेल्या एका घोडेवाल्या काकांनी शिकवलं. मी कपाळाशी हात आडवा धरून, डोळे बारीक करून बघत होते. ते म्हणाले, "ताई, खांब बघा. खांब सापडले की गाडी येतेच." त्यांना विजेचे खांब म्हणायचे होते. ओव्हरहेड वायरचे खांब सरळ मार्गावर साठ-सत्तर मीटरच्या अंतरावर, एकसारख्या उंचीचे, शिस्तीत उभे असतात. निसर्गात इतकं एकसारखं काही नसतं. एक खांब ओळखता आला की शेजारचा दिसतो, मग पुढचा, आणि बघता बघता पूर्ण मार्ग डोळ्यांसमोर उभा राहतो.

खांब दिसण्याइतकं जवळ नसेल तर जमिनीकडे बघा. रेल्वेला चढ सोसत नाही, त्यामुळे तिची वाट सखल असते आणि वळणं मोठी, सावकाश असतात. रस्ता उंचवट्यावर चढतो, उतरतो, झटकन वळतो. रूळ उंचवटा आला की तो कापून जातात, खळगा आला की भरावावरून जातात. शेतांचे बांध वेडेवाकडे असताना मधूनच एक लांबलचक हिरवा बांध सरळ गेला असेल, तर बहुधा तो रेल्वेचा भराव असतो. नदीवर एकाच ठिकाणी दोन पूल असतील, तर त्यातला लोखंडी गर्डरचा, बिनकठड्याचा तो आपला.

घरून निघण्यापूर्वी नकाशावर तेवढा भाग बघून ठेवला की काम निम्मं होतं. स्टेशन कुठे, नदी कुठे, आपण कुठे उभे राहणार, एवढं पुरे.

किती लांबून गाडी दिसू शकते?

चांगली नजर असलेल्या माणसाला साधारण १ मीटरची वस्तू साडेतीन किलोमीटरपर्यंत वेगळी ओळखता येते. डब्याची उंची सुमारे ४ मीटर. म्हणजे हिशेबाने तेरा-चौदा किलोमीटरपर्यंत गाडीची रेघ नुसत्या डोळ्यांना दिसायला हवी. प्रत्यक्षात आठ-दहा किलोमीटर म्हणजे खूप झालं, कारण मधे धुरळा, बाष्प आणि मुंबईचं धुरकं असतं.

पृथ्वीच्या गोलाईची काळजी करू नका. समुद्रकिनारी उभं राहिलं तर क्षितिज साडेचार किलोमीटरवर असतं, पण माथेरानच्या सुमारे ८०० मीटर उंचीवरून ते शंभर किलोमीटरवर जातं. आपल्याला अडवते ती हवा.

अंतराचा अंदाज घ्यायची एक सोपी रीत आहे. हात पूर्ण लांब करून करंगळी डोळ्यांसमोर उभी गाडीवर धरा. करंगळीची रुंदी म्हणजे साधारण १ अंश. बावीस एलएचबी (नव्या बनावटीच्या) डब्यांची एक्सप्रेस इंजिनासकट साडेपाचशे मीटरच्या आसपास भरते. ती तीन करंगळ्यांएवढी दिसली, तर दहा किलोमीटरवर आहे. बारा डब्यांची लोकल तीन करंगळ्यांएवढी दिसली, तर पाच किलोमीटरवर. गार्बटवरून मला ती जवळपास तेवढीच दिसते. गाडी आडवी जात असेल तरच हे लागू पडतं. तिरकी जाणारी गाडी आखूड भासते आणि हिशेब चुकतो.

मुंबई आणि आसपास चांगल्या जागा कोणत्या?

माझ्या आवडीच्या क्रमाने सांगते, सोयीच्या क्रमाने नाही.

राजमाची पहिली. उल्हास नदीच्या दरीपलीकडे भोर घाटातला रेल्वेमार्ग आहे. कर्जतहून पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल करत गाडी खंडाळ्याला चढते, आणि राजमाचीच्या श्रीवर्धन किल्ल्याच्या माथ्यावरून हा चढ समोरच्या डोंगराच्या अंगावर तुकड्यातुकड्यांनी दिसतो. गाडी बोगद्यात शिरते, नाहीशी होते, पुढच्या सोंडेवर पुन्हा निघते. किल्ल्याखालच्या उधेवाडी गावात मुक्काम केला तर रात्रीही बघता येते, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. वाट लांब आहे, एक दिवस आणि एक रात्र हाताशी हवी.

माथेरान दुसरं. नेरळ आणि त्यापलीकडचा सपाट मुलूख पॅनोरमा पॉइंटवरून, भिवपुरी-कर्जतकडचा भाग गार्बटवरून. इथे दोन गेजच्या गाड्या बघायला मिळतात. खाली ब्रॉडगेज, आणि डोंगराला वळसे घालत येणारी माथेरानची मिनी ट्रेन. ही लाइन १९०७ साली सुरू झाली, अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती बांधली, आणि तिच्या दोन रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट आहे. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, तेव्हा ती बघायला म्हणून जाऊ नका.

मुंब्रादेवी तिसरी, आणि मुंबईकरांना सगळ्यात सोपी. मुंब्रा स्टेशनला उतरायचं, पायऱ्या चढायच्या. देऊळ डोंगराच्या कड्याला बिलगून आहे, लोकलमधून आपण सगळ्यांनीच ते खालून पाहिलं आहे. तिथून उलट खाली बघायचं. पायथ्याला मुंब्रा स्टेशन, समोर खाडी, उजवीकडे दिवा. दिव्याहून ठाणे, कल्याण, पनवेल आणि वसई अशा चार दिशांना रूळ फुटतात, त्यामुळे एकाच वेळी तीन-तीन गाड्या नजरेत येतात. पारसिकच्या बोगद्यातून आलेली लांब पल्ल्याची गाडी दिव्याकडे जाताना दिसली, की हा बोगदा १९१६ पासून आपलं काम करतो आहे हे मुलांना नक्की सांगा. सव्वा किलोमीटरहून लांब आहे तो.

पश्चिम रेल्वेवाल्यांसाठी विरारची जीवदानी. हजारावर पायऱ्या आहेत, रोपवेचीही सोय आहे. खाली विरार स्टेशन, उत्तरेला वैतरणेच्या दिशेने निघालेले रूळ. सुपरफास्ट गाड्या इथे जोरात असतात, त्यामुळे वेग बघायचा असेल तर मला ही जागा मुंब्र्याहून बरी वाटते.

याशिवाय आसनगावजवळच्या माहुलीवरून कसारा लाइन, कर्नाळ्यावरून आपटा-रसायनीकडची लाइन, नवी मुंबईत वाशीच्या खाडीकाठावरून मानखुर्द-वाशी पूल. हा रेल्वेपूल १९९२ पासून वापरात आहे. भरतीच्या वेळी संध्याकाळी त्यावरून हार्बर लोकल जाते तेव्हा पाण्यात तिचं प्रतिबिंब पडतं. भाईंदरच्या जेट्टीकडून वसईच्या खाडीवरचा पूलही असाच बघता येतो.

शहराच्या आत मात्र फारसं काही उरलेलं नाही. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर गावदेवीच्या देवळापाशी चढून बघितलं तर इमारतींच्या फटीतून मेट्रो दिसते, पश्चिम रेल्वे जवळजवळ नाहीच. सायनच्या किल्ल्यावरून मध्य रेल्वेचा थोडा तुकडा मिळतो. तेवढ्यावर समाधान मानावं लागतं.

कुठल्या महिन्यात आणि किती वाजता जावं?

परतीचा पाऊस संपल्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस माझ्या मते सर्वोत्तम. पावसाने हवा धुतलेली असते, धूळ बसलेली असते, आणि डोंगर अजून हिरवे असतात. श्रावणातली उघडीपही फार सुंदर. ढग अर्धा तास बाजूला होतात आणि त्या अर्ध्या तासात दहा किलोमीटरवरचं डब्याचं छतसुद्धा ओलं चमकताना दिसतं. पण त्या अर्ध्या तासासाठी पाच तास भिजत बसायची तयारी हवी.

डिसेंबर-जानेवारीत लोक मोठ्या उत्साहाने निघतात आणि निराश होतात. थंड हवा जमिनीलगत साचून राहते, तिच्यात धूर आणि धुकं अडकतं. उल्हासच्या खोऱ्यात तर सकाळी दुधाची साय धरल्यासारखं धुकं असतं. एका जानेवारीत मी कर्नाळ्यावर पहाटे अंधारात चढून साडेदहापर्यंत बसले होते. गाड्यांचे भोंगे ऐकू आले, रूळ एकदाही दिसले नाहीत. थंडीत जायचं तर दुपारी जा.

एप्रिल-मेच्या दुपारी उन्हाची झळ असते. तापलेल्या जमिनीवरची हवा हलते, त्यात गाडी थरथरते, कधी जमिनीपासून सुटून तरंगल्यासारखी दिसते. बघायला मौज आहे, पण ओळख पटवणं कठीण.

वेळ ठरवताना सूर्य पाठीशी ठेवा. जीवदानीवरून आपण पश्चिमेकडे बघतो, म्हणून सकाळ चांगली. गार्बट पूर्वेकडे तोंड करून आहे, तिथे दुपारी तीननंतर. मुंब्रादेवीवरून बहुतेक नजर उत्तरेकडे जाते, त्यामुळे वर्षाचा बराच काळ सूर्य डोळ्यांवर येत नाही आणि दिवसभर कधीही चालतं.

सूर्य समोर असण्याचा एकच फायदा आहे, पण तो मोठा आहे. मावळतीचं ऊन तिरकं पडलं आणि कोन जुळला, की डब्यांच्या काचा एकामागून एक चमकून जातात. लखलख, लखलख, पुढून मागे. गाडी स्वतः दिसत नसते, चमक दिसते. मुंब्र्याहून मी हे दोनदा पाहिलं आहे.

लांबूनच कुठली गाडी आहे हे कसं ओळखायचं?

आधी आकार बघा, मग रंग, शेवटी घड्याळ.

लोकलला इंजिन नसतं. दोन्ही टोकं सारखी आणि सगळ्या डब्यांची उंची सारखी, त्यामुळे ती पट्टीने आखल्यासारखी दिसते. एक्सप्रेसला पुढे इंजिन असतं, ते डब्यांपेक्षा वेगळ्या रंगाचं आणि छतावरून वेगळ्या आकाराचं. वंदे भारतलाही वेगळं इंजिन नाही, पण तिचं नाक निमुळतं असतं आणि पांढरी-निळी किंवा भगवी-करडी रंगसंगती लांबूनही लपत नाही. राजधानीचे लाल डबे हिरव्या पावसाळी डोंगरासमोर सगळ्यात आधी ओळखू येतात. जुने निळे आयसीएफ डबे मात्र दहा किलोमीटरवर सावलीत मिसळून जातात.

मालगाड्यांकडे लोक लक्ष देत नाहीत याचं मला वाईट वाटतं. कंटेनरच्या गाडीवर निळे, लाल, हिरवे, करडे ठोकळे असतात आणि मधेमधे रिकाम्या वाघिणी, त्यामुळे ती दात पडलेल्या कंगव्यासारखी दिसते. उरणच्या बंदराकडून आलेल्या या गाड्या पनवेल-दिवा-वसई मार्गावर खूप असतात. कोळशाच्या उघड्या वाघिणींची गाडी मातकट लाल, एकसंध आणि लांब. अठ्ठावन्न वाघिणी म्हणजे सहाशे मीटरहून जास्त. टँकरची गाडी तिच्या गोल पाठींमुळे कळते.

घड्याळाबद्दल: डेक्कन क्वीन सीएसएमटीहून संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सुटते. थंडीत ती माथेरानखालून जाते तेव्हा दिवेलागण झालेली असते. १ जून १९३० ला ही गाडी सुरू झाली. इतक्या वर्षांत तिचे डबे बदलले, रंग बदलले, तरी पॅनोरमा पॉइंटवर कुणीतरी हमखास म्हणतं, "क्वीन गेली." ते शब्द ऐकले की मला फार बरं वाटतं.

वेळापत्रक जाताना घेऊन जा, पण गाडी वेळेवर आहे का ते रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर किंवा एम-इंडिकेटरवर बघा. बऱ्याच पॉइंटवर रेंज नसते, तेव्हा पायथ्यालाच बघून घ्या.

घाटात गाडी इतकी हळू का जाते? आणि मागे इंजिन का लावतात?

भोर घाटात आणि कसाऱ्याच्या थळ घाटात चढ १:३७ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. पायी चालणाऱ्याला हे काहीच वाटणार नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरताना पकड कमी असते, आणि इतका चढ रेल्वेसाठी फार आहे. म्हणून कर्जतला आणि कसाऱ्याला गाडीमागे जादा इंजिनं जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. वजन दोन्हीकडे वाटलं गेल्याने डब्यांच्या जोडांवर एकट्या पुढच्या इंजिनाचा सगळा ताण येत नाही.

राजमाचीवरून दुर्बिणीतून हे स्पष्ट दिसतं. पुढचं इंजिन बोगद्यात शिरलेलं असतं, मधले डबे वळणावर असतात, आणि बोगद्याबाहेर राहिलेली मागची इंजिनं अजून रेटत असतात. गाडी कष्ट करते आहे हे इथे डोळ्यांनी कळतं. हा घाट १८६३ साली सुरू झाला, थळ घाट १८६५ साली. हे मार्ग खोदताना हजारो मजुरांनी जीव गमावला, कुणी सुरुंगात, कुणी कड्यावरून पडून, बरेचसे पटकीसारख्या आजारांत. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. समोरच्या डोंगरावर बसून ती रेघ बघताना मला दर वेळी त्यांची आठवण होते.

सुरुवातीला भोर घाटात एक उलटं स्टेशन होतं. गाडी तिथे येऊन थांबायची आणि उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ साली नवी वाट काढली आणि ते बंद झालं.

उतरताना गाडी आणखी सावध असते. उतारावर कॅच सायडिंग आहेत. एखादी गाडी ताब्यातून सुटली, तर ती तिकडे चढावर वळून थांबावी यासाठी. उतरणाऱ्या गाड्या ठरलेल्या ठिकाणी थांबून मगच पुढे येतात. त्यामुळे लांबून बघताना गाडी मधेच थबकली तर बिघाड झाला असं समजू नका.

दुर्बीण कुठली घ्यावी?

८×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल हे सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. आठ पटीत हात स्थिर राहतो. दहापट हवी असेल तर टेकायला दगड किंवा काठी लागते, त्यापुढे तिपाई.

मोठ्या आकड्यांना भुलू नका. माझी पहिली दुर्बीण एका दुकानातून घेतली, तिच्यावर ५० असा आकडा छापला होता. घरी येऊन बघितलं तर एका गाडीच्या दोन गाड्या दिसत होत्या आणि अर्ध्या तासात डोकं दुखायला लागलं. दुकानदाराने परत घेतली नाही. घेण्याआधी दुकानाबाहेर येऊन लांबच्या पाण्याच्या टाकीकडे किंवा टॉवरकडे बघा. दोन्ही डोळ्यांची चित्रं आपोआप एक झाली पाहिजेत, डोळ्यांना ओढ जाणवता कामा नये.

आधी नुसत्या डोळ्यांनी गाडी गाठायची आणि नजर तिच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. दुर्बिणीतूनच शोधायला गेलात तर आभाळ, झाड, आभाळ एवढंच दिसेल.

रात्री काय दिसतं?

पुष्कळ दिसतं, काही बाबतीत दिवसापेक्षा जास्त. उजेड असलेल्या खिडक्यांची माळ अंधारात पंधरा किलोमीटरवरूनही सापडते. लोकलचे दिवे पांढरे, एकसारखे आणि दाट असतात. लांब पल्ल्याच्या गाडीत स्लीपरला उजेड, एसी डब्यांच्या खिडक्या पडद्यांमुळे मंद, आणि साडेदहानंतर एकेक डबा विझत गेलेला. शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा सगळ्यात शेवटी दिसतो.

सिग्नलही बघायला शिका. आपल्याकडे लोकलच्या मार्गावर चार संकेत असतात: लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा. मुंब्र्याच्या डोंगरावरून अंधारात दुर्बिणीतून बघितलं तर गाडी जाते आणि तिच्या पाठीमागचा हिरवा लाल होतो. मग थोड्या वेळाने पिवळा, मग दोन पिवळे, मग पुन्हा हिरवा. गाडी पुढे गेलेली असते, पण तिने मागे किती मोकळी जागा सोडली हे ते दिवे सांगत राहतात. मोटरमनला जे दिसतं तेच तुम्हाला वरून दिसतं, फक्त सगळे सिग्नल एकदम.

देवळांच्या डोंगरांवर अंधार पडल्यावर थांबायचं की नाही ते तिथल्या नियमांप्रमाणे ठरवा, आणि एकट्याने थांबू नका.

भोंगा ऐकू येतो पण गाडी पुढे गेलेली असते. असं का?

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला तीन सेकंद. पाच किलोमीटरवरच्या गाडीचा भोंगा पंधरा सेकंदांनी पोचतो. तेवढ्यात ताशी ७५ किलोमीटरने जाणारी गाडी तीनशे मीटर पुढे सरकलेली असते, म्हणजे एका लोकलच्या लांबीहून जास्त. फाटकाआधी रुळाकडेला 'सी/फा' असं लिहिलेली पिवळी पाटी असते, सीटी आणि फाटक. तिथे भोंगा ठरलेला, त्यामुळे फाटक कुठे आहे हे माहीत असेल तर गाडी नेमकी कुठे असेल ते आवाजावरून सांगता येतं. थंडीच्या पहाटे आवाज नेहमीपेक्षा फार लांबून येतो. वरची हवा उबदार आणि खालची गार असली की आवाज वर न जाता पुन्हा जमिनीकडे वळतो.

वेग मोजता येतो का?

हो. एक झाड किंवा खांब धरा. गाडीचं पुढचं टोक तिथे पोचल्यापासून मागचं टोक निघेपर्यंतचे सेकंद मोजा. लांबी मीटरमध्ये, भागिले सेकंद, गुणिले ३.६. लोकलला १२ सेकंद लागले तर २५० भागिले १२, गुणिले ३.६, म्हणजे ताशी ७५. साडेपाचशे मीटरची एक्सप्रेस घाट चढताना पूर्ण एक मिनिट घेते तेव्हा ताशी ३३. मुलांना हे गणित फार आवडतं.

मुलांना घेऊन गेलो तर कंटाळतील का?

पहिल्या वीस मिनिटांत गाडी आली नाही तर कंटाळतात. म्हणून पहिल्या खेपेला मुंब्रादेवीला न्या, तिथे दोन-तीन मिनिटांतून काहीतरी हलतंच. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना मी त्याला नेलं. त्याने आधी खांब मोजले, मग गाड्या, आणि मग विचारलं की आत बसलेल्या माणसांना आपण दिसतो का. आम्ही दोघांनी हात हलवला. परतीच्या लोकलमध्ये तो खिडकीशी उभा राहून डोंगराकडे बघत होता, वर कुणी हात हलवतंय का ते शोधत.

माथेरानला माकडं खाऊ ओढतात, दुर्बिणीचा पट्टा गळ्यात ठेवा. काही पॉइंटना कठडे नाहीत. पावसात कड्यापाशी शेवाळ असतं.

फोटो काढायचे तर?

मोबाइलने गाडी मोठी करायला जाऊ नका, दाणेदार ठिपका मिळतो. उलट डोंगर, नदी, शेतं सगळं घ्या आणि गाडी त्यात बारीक असू द्या. आपण तिथे जे बघतो ते तसंच असतं. ड्रोन उडवायचा विचार असेल तर सोडा. मुंबई परिसरात परवानगीशिवाय तो चालत नाही, आणि रेल्वेच्या विजेच्या तारांजवळ तर नकोच.

अजून जवळून, रुळांपाशी जाऊन बघितलं तर?

नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पावसाळ्यात घाटातल्या रुळांवरून धबधब्यांकडे चालत जाणारी मुलं मी वरून दुर्बिणीतून पाहिली आहेत. वळणावरून उतरणारी गाडी मला दिसत होती, त्यांना नव्हती, आणि इतक्या लांबून ओरडून उपयोग नव्हता. ती वेळेत बाजूला झाली. त्या दिवशी मी पुढची एकही गाडी बघितली नाही, उठून खाली आले.

काही लिहून ठेवता का?

एक शाळेची दोनशे पानी वही आहे. तारीख, जागा, हवा, वेळ, दिशा, कुठली गाडी, किती करंगळ्या. डाऊन म्हणजे मुंबईपासून दूर जाणारी, अप म्हणजे मुंबईकडे येणारी, एवढं लक्षात ठेवलं की नोंद आखूड होते. मागच्या ऑक्टोबरातली राजमाचीची नोंद अशी आहे: "रात्री ९.४०. हवा स्वच्छ, तारे. डाऊन एक्सप्रेस, ठाकूरवाडीच्या वर. उजेड दिसला, गेला, दिसला, गेला, दिसला. मागे दोन बँकर. ९.५२ ला खंडाळ्याकडच्या बोगद्यात शेवटचा लाल दिवा."